सोसायटीचं दप्तर आणि शेजारची जमीन

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी निवडायची पद्धत फार साधी आहे. सभेला जो गैरहजर, तो सेक्रेटरी. २०१४च्या वार्षिक सभेच्या दिवशी मी एका कविसंमेलनासाठी नाशिकला होतो. परत आलो तर दारात एक लोखंडी पेटी ठेवलेली. बायको म्हणाली, "मुबारक हो. तुम्ही सेक्रेटरी झालात. आता कविता पेटीत ठेवा आणि पेटीतलं दप्तर बाहेर काढा."

पेटीत सोसायटीचा सगळा संसार होता. सभासदांची नोंदवही, पावतीपुस्तकं, बँकेची पासबुकं, आणि इतिवृत्ताची एक जाड वही. तिची पहिली चाळीस पानं सुवाच्य अक्षरात लिहिलेली आणि पुढची कोरी. कोऱ्या पानांवर तारखा मात्र घातलेल्या होत्या. म्हणजे सभा झाल्या होत्या, चहा झाला होता, भांडणंही झाली असणार. पण काय ठरलं ते कुणी लिहिलंच नव्हतं. या कोऱ्या पानांनी पुढे आम्हाला फार छळलं. आज सांगायचं आहे ते या पेटीविषयी, आणि आपल्या कुंपणापलीकडच्या जमिनीशी तिचा काय संबंध येतो त्याविषयी.

मी राहतो बोईसरला. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि स्टेशनच्या आसपासची भाताची खाचरं एकेक करून इमारतींखाली गेली. आमची बत्तीस बिऱ्हाडांची, चार मजली, विनालिफ्टची इमारत अशाच एका खाचरावर उभी आहे. तेव्हा 'विकास नको' असं ओरडायचा पहिला मान माझा नाही, हे आधीच कबूल करतो. आम्हीसुद्धा कुणाच्या तरी कुंपणापलीकडचा विकासच होतो.

सहकारी गृहनिर्माण संस्था ही काही आजची गोष्ट नव्हे. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली अशी संस्था काढली, ती देशातली पहिली मानली जाते. आज आपल्याकडच्या संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० या कायद्याखाली चालतात. गंमत अशी, की बोईसरच्या आमच्या इमारतीची सोसायटी आणि मुरबे-सातपाटीकडच्या मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्या या कायद्याने बहिणी-बहिणी आहेत. एकीने घरं सांभाळायची, दुसरीने बर्फ, डिझेल आणि मासळीचा हिशेब. दोघींना सभा घ्याव्या लागतात, दोघींना इतिवृत्त लिहावं लागतं. मुरब्याचं नाव इथे सहज घेतलेलं नाही. त्याच्याकडे येतोच आहे.

आधी घरातलं सांगतो. सोसायटीच्या कारभारात नव्वद टक्के भांडणं पैशाची असतात, आणि त्यातली बरीचशी उपविधींची पुस्तिका न वाचल्यामुळे होतात. आमच्याकडे एका सभासदाचं घर एका खोलीचं आणि शेजाऱ्याचं तीन खोल्यांचं. "त्याने जास्त द्यावं" हा वाद वर्षानुवर्षं चाललेला. उपविधी सांगतात, रखवालदार, सफाई, कार्यालयखर्च असं सेवाशुल्क सर्वांना सारखं. पाण्याचं शुल्क घरातल्या नळांच्या संख्येवर. दुरुस्ती निधी बांधकामखर्चाच्या किमान पाऊण टक्का दरसाल, आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का. थकबाकीवर व्याज लावता येतं, पण सरळव्याजाने २१ टक्क्यांच्या वर नाही.

बोईसरात निम्मी घरं कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिलेली असतात. भाडेकरू ठेवला की मालकाकडून मनाला येईल ते वसूल करायचं, अशी आमच्या आधीच्या कमिटीची रीत होती. मी पेटीत २००१ सालचं सरकारी परिपत्रक शोधून काढलं. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तसंच घर विकताना हस्तांतरण फी. ग्रामपंचायत हद्दीत ती जास्तीत जास्त ५,००० रुपये, महापालिका हद्दीत २५,०००. परिपत्रक वाचून दाखवलं तेव्हा खजिनदारांचा चेहरा पडला. सोसायटीचं उत्पन्न घटवणारा मी पहिलाच सेक्रेटरी म्हणायचा.

सभासदत्वाबद्दल एक सांगून पुढे जातो, कारण तो अनुभव माझा आहे. बोईसरला येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका शहरात घर पाहिलं होतं. व्यवहार ठरला, पण तिथल्या सोसायटीने माझा अर्ज 'विचाराधीन' ठेवला. नाव ऐकल्यावर विचार लांबतो, हे मला नवं नव्हतं. कमिटीतले एक गृहस्थ तर माझ्या कवितेचे वाचक निघाले. त्यांनी मला घरी नेऊन चहा पाजला, कवितेबद्दल छान बोलले, आणि अर्जाबद्दल बोलले नाहीत. मी कंटाळून तो व्यवहार सोडला. नंतर सेक्रेटरी झाल्यावर कायदा वाचला तेव्हा कळलं, की सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार आपोआप सभासद मानला जातो. माझे चार महिने झाले होते! मात्र २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, विशिष्ट समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा मंजूर उपविधी वैध ठरवला, हेही खरं. पण ज्या सोसायटीच्या उपविधीत तसं काहीच नाही, तिथे 'विचाराधीन' हा शब्द म्हणजे नुसता पडदा. आमच्या सोसायटीत मी सेक्रेटरी झाल्यापासून एकही अर्ज महिन्यापेक्षा जास्त पडून राहिलेला नाही.

आता कुंपणाकडे येऊ. २०१६च्या उन्हाळ्यात आमच्या पश्चिमेच्या मोकळ्या प्लॉटवर डंपर येऊ लागले. दिवसरात्र मुरूम पडत होता. त्या प्लॉटच्या कडेने एक ओहोळ वाहायचा, तो जूनपर्यंत दिसेनासा झाला. जुलैत तळमजल्यावरच्या चार घरांत गुडघ्याएवढं पाणी. एका घरात मुलीच्या लग्नाचं सामान होतं. साड्यांच्या घड्या उलगडून गॅलरीत वाळत घातल्या होत्या, आणि त्यांचा रंग खाली भिंतीवर ओघळला होता. तो डाग पुढची दोन वर्षं तसाच होता.

तातडीची सभा बोलावली. एकजण म्हणाला पेपरात देऊ. दुसरा म्हणाला अमुक साहेबांना भेटू. तिसरा म्हणाला, सरळ कोर्टात जाऊन स्टे आणू. स्टे हा शब्द आपल्याकडे बाजारातून भाजी आणावी तसा वापरतात. आम्ही चौघं पालघरला एका वकिलांकडे गेलो. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "तुमची इमारत ज्या जमिनीवर आहे, तिचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

"आमच्या," मी ठामपणे म्हणालो.

सातबारा काढला. त्यावर मूळ शेतमालकाचं आणि बिल्डरचं नाव होतं. आमचं कुठेच नव्हतं. चौदा वर्षं हप्ते भरून आम्ही घरांचे मालक झालो होतो, पण ती घरं ज्या जमिनीवर उभी होती ती अजून दुसऱ्याचीच होती.

यात आमचा गाढवपणा होता, पण तो राज्यभर आढळतो. १९६३चा जो कायदा 'मोफा' म्हणून ओळखला जातो, त्यानुसार करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. याला अभिहस्तांतरण म्हणतात. बोली भाषेत कन्व्हेयन्स. बिल्डर ते करत नाहीत, कारण जमीन आपल्या नावावर राहिली तर उद्या वाढीव बांधकामाचा फायदा आपल्याला. आणि सभासद मागत नाहीत, कारण बिल्डर तोवर फोन उचलेनासा झालेला असतो. २००८ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट निघाली. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, त्यांनी दोन्ही बाजू ऐकून आदेश द्यायचा. याचं नाव 'मानीव अभिहस्तांतरण'. मराठीचा पदवीधर असूनही हा शब्द न अडखळता म्हणायला मला आठवडा लागला.

अर्जासाठी काय लागतं? सोसायटीचं नोंदणीपत्र, मंजूर नकाशा, सातबारा किंवा मिळकतपत्रिका, वास्तुविशारदाचा दाखला, बिल्डरला पाठवलेली नोटीस, सभासदांची यादी, आणि प्रत्येकाच्या खरेदी कराराची प्रत. इथे ती पेटी आडवी आली. बत्तीसपैकी सत्तावीस करार मिळाले. एक बँकेत अडकलेला, दोन वाळवीने खाल्लेले, एक घटस्फोटाच्या खटल्यात, आणि एका आजोबांनी तो पंढरपूरला भावाकडे ठेवला होता. दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची दोनचे उतारे काढून भरपाई केली. कोऱ्या इतिवृत्ताचाही फटका बसला. कोणत्या सभेने मागच्या कमिटीला बिल्डरशी पत्रव्यवहार करायला सांगितलं होतं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पत्रव्यवहार झाला होता असं सगळे शपथेवर सांगायचे. पत्र मात्र एकही नव्हतं.

त्याच वेळी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा कागद, तीस दिवसांची मुदत. मागितलं काय, तर आमच्या आणि शेजारच्या प्लॉटचा मंजूर रेखांकन आराखडा. तो हातात आला त्या दिवशी आमच्या घरी कमिटीची बैठक बसली. बायकोने खिमा-पाव केला होता. तो तसाच राहिला.

आराखड्याने आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, आमचा आणि शेजारचा प्लॉट एकाच मोठ्या जमिनीचे तुकडे होते. दुसरी, दोन्हींच्या मध्ये 'मोकळी जागा' म्हणून सोडलेला पट्टा होता, त्यावर कुणालाच बांधता येणार नव्हतं. मोठ्या भूखंडाचं रेखांकन मंजूर करताना असा भाग सोडावाच लागतो; २०२०च्या राज्यव्यापी एकत्रित नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडाला तो दहा टक्के. ही बातमी आमच्या बाजूची होती. तिसरी मात्र नव्हती. ज्या रस्त्यावर आम्ही फाटक बसवलं होतं, कुलूप लावत होतो, 'खाजगी रस्ता' अशी पाटी रंगवली होती, तो रस्ता सबंध रेखांकनाचा सामाईक होता. शेजारच्या प्लॉटला तिथून जायचा पूर्ण हक्क होता.

म्हणजे आम्ही ज्यांना घुसखोर म्हणत होतो त्यांचा रस्ता आम्हीच अडवला होता. शिवाय त्या मोकळ्या पट्ट्यात आमच्या दोन सभासदांच्या गाड्या उभ्या असायच्या. बिल्डरने त्यांना ती जागा पार्किंग म्हणून पैसे घेऊन विकली होती. मोकळी जागा किंवा स्टिल्टखालची जागा बिल्डरला अशी सुटी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगून ठेवलेलं आहे. गाड्या हलवायला लागल्या. त्यातले एक सभासद अजून माझ्याशी बोलत नाहीत. ईदला मात्र शिरखुर्मा न्यायला मुलाला पाठवतात.

कुणी म्हणेल, मग कागद काढून काय मिळवलंत? मला वाटतं, पुष्कळ मिळवलं. आपलं काय नाही हे कळल्याशिवाय आपलं काय आहे यावर बोट ठेवता येत नाही. फाटकाचं कुलूप आम्ही स्वतः काढलं, आणि त्याच पत्रात ओहोळाचा विषय मांडला. गावनकाशावर ओहोळ स्पष्ट होता. तहसीलदारांकडे अर्ज गेला, जागेचा पंचनामा झाला, आणि नव्या बिल्डरने भरावाखाली सिमेंटचे पाईप टाकून पाण्याला वाट दिली. ओहोळ परत आला नाही. त्याची मोरी झाली. तळमजल्यावर आता गुडघ्याएवढं पाणी येत नाही, मोठ्या पावसात घोट्याएवढं येतं. आमच्या जमिनीचा मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश २०१९ साली झाला. वाढीव बांधकामाचा धोका टळला, शेजारची सात मजली इमारत मात्र उभी राहिली. मी कुणाला अडवलं नाही. तरी बातमी अशी पसरली, की कवीने बिल्डरला अडवलं.

ही बातमी मुरब्याला पोचली, आणि २०२५च्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या मित्राचा फोन आला. पालघरच्या दांडेकर कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. मी बीए झालो, तो दुसऱ्या वर्षाला वडिलांच्या बोटीवर गेला आणि तांडेल झाला. म्हणाला, "रविवारी ये. कागद आलेत. वाचून दाखव."

मुरबे म्हणजे खाडीच्या अलीकडे मुरबे, पलीकडे सातपाटी. बोंबील वाळत घातलेल्या काठ्या, शाकारलेल्या होड्या, जाळी विणत बसलेले म्हातारे. याच किनाऱ्याचा सरंगा, म्हणजे आपला पापलेट, २०२३ साली महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झाला. आणि याच किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळाने २०२४ साली मुरबे बंदरासाठी जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीला इरादापत्र दिलं. तेव्हा जाहीर झालेला अंदाजे खर्च ४,२५९ कोटी रुपये. त्याच वर्षी ३० ऑगस्टला उत्तरेला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ते ७६,२२० कोटींचं. मधल्या पट्ट्यात अणुवीज केंद्र, आणि त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी उठलेली पोफरण-अक्करपट्टी ही गावं. इथल्या माणसाला प्रकल्प म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावं लागत नाही.

मित्राच्या ओसरीवर दहा-बारा जण जमले होते. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश समोर होता. अशा सारांशांचं मराठी हा एक स्वतंत्र विषय आहे. ते कुणाशी बोलण्यासाठी लिहिलेलं नसतं, सादर करण्यासाठी लिहिलेलं असतं. वाक्याच्या सुरुवातीला असलेला मासा शेवटी 'सागरी जैवसंपदा' होऊन बाहेर पडतो. मी एकेक परिच्छेद वाचायचो आणि मग साध्या भाषेत सांगायचो. तांडेल मध्येच थांबवून विचारायचा, "आमची जाळी कुठे मारतो ते लिहिलंय का? कुठल्या महिन्यात मारतो ते?"

मी त्यांना जनसुनावणीची रीत समजावून सांगितली, तीच इथे सांगतो, कारण ती राज्यात कुणाच्याही दारात येऊ शकते. १४ सप्टेंबर २००६च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे सुनावणीआधी किमान तीस दिवस वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते. अहवालाचा मसुदा आणि स्थानिक भाषेतला सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय अशा ठिकाणी पाहायला ठेवावा लागतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अपर दर्जाचा प्रतिनिधी. सगळ्याचं चित्रीकरण. सुनावणीला गणपूर्ती नसते, दहा आले काय नि दहा हजार आले काय. आणि सर्वांत महत्त्वाचं, तिथे मतदान नसतं. हात वर करून बंदर नाकारता येत नाही. सुनावणीचा अधिकारी निर्णयही देत नाही. तो होतो नंतर, एवढ्या मोठ्या बंदराच्या बाबतीत दिल्लीच्या मंत्रालयात, तज्ज्ञ समितीसमोर. तिच्यापुढे जातं ते इतिवृत्त. लोकांनी काढलेला प्रत्येक मुद्दा त्यात यावा लागतो, अंतिम अहवालात त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते इतिवृत्त त्याच दिवशी जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं.

"म्हणजे तुझी वहीच की," तांडेल म्हणाला.

वहीच. म्हणून मी त्यांना म्हटलं, घोषणा द्या, त्याही लागतात. पण प्रत्येकाने एक लेखी मुद्दा द्या, स्वतःच्या नावाने. बोट कितीची, जाळं कोणतं, कुठल्या महिन्यात कुठे मारतो, बंदराच्या भिंतीमुळे खाडीच्या तोंडाशी वाळू साचली तर बोट आत कशी आणायची. प्रश्न विचारा, म्हणजे उत्तर द्यावं लागेल. "विरोध आहे" एवढंच लिहिलं तर "विरोध नोंदवला" एवढंच उत्तर येईल. त्या बायाही बसल्या होत्या ज्या मासळी विकतात. त्यांच्यातली एक म्हणाली, "आमच्या नावावर बोट नाय. आमी काय लिवायचं?" मी म्हटलं, किती टोपल्या, कुठल्या बाजारात, किती वर्षं, ते लिहा. त्याच वर्षी ही सुनावणी झाली आणि मच्छीमारांनी मोठ्या संख्येने विरोध मांडला, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचलंच असेल.

परतीच्या रिक्षात मला एक विचित्र गोष्ट लक्षात आली. बंदराला निदान सुनावणी आहे. आमच्या शेजारी उद्या वीस मजली टॉवरांची टाऊनशिप आली तर नाही. वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण त्याच २००६च्या अधिसूचनेत इमारती आणि टाऊनशिप यांना लोकांशी सल्लामसलत करण्यातून सूट आहे. शेजाऱ्याला कुणी विचारणार नाही. त्याने स्वतःच शोधायचं. त्यातल्या त्यात एक सोय २०१७पासून झाली. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठांहून जास्त घरांच्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते, आणि मंजूर नकाशे, मजले, मुदत हे सगळं तिच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. शेजारच्या प्लॉटवर पत्रे लागले की त्यावरचा नोंदणी क्रमांक आधी टिपून घ्यावा. खाडीकाठी राहत असाल तर तिवरांवरही लक्ष ठेवावं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने तिवरांना आणि त्यांच्याभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्याला संरक्षण दिलेलं आहे. भराव पडल्यावर तक्रार करण्यात अर्थ उरत नाही, हे आमच्या ओहोळाने शिकवलं.

आता शेवटचा भाग, आणि तो मला फारसा गौरवाचा नाही. मुरब्याहून आल्यावर मला वाटलं, आमच्या सोसायटीनेही पत्र द्यावं. आमच्या फाटकाशी वीस वर्षं मासळीची टोपली घेऊन बसणारी मावशी मुरब्याची. आमच्या ताटातला सरंगा तिकडचा. अध्यक्षांना म्हटलं, सोसायटीच्या लेटरहेडवर पाठवू. ते निवृत्त फोरमन आहेत, शांत माणूस. म्हणाले, "सर, लेटरहेड तुमचं नाही, माझंही नाही. सभा बोलवा."

बरोबर होतं. पाच पूर्ण दिवसांची नोटीस देऊन विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. गणपूर्ती म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांपैकी जे कमी ते. तेवीस आले, म्हणजे आमच्या मानाने विक्रम. मी ठराव मांडला. तळमजल्यावरच्या, लग्नाच्या साड्या भिजलेल्या वहिनींनी अनुमोदन दिलं.

मग एक तरुण सभासद उठला. एमआयडीसीत कंत्राटी नोकरी, दोन वर्षांत तीन कंपन्या. तो म्हणाला, "काका, बंदर आलं तर मला इथेच काम मिळेल. तुमच्या मावशीचं खरं आहे, पण माझं पण खरं आहे." दुसऱ्याने सांगितलं की वाढवणची पायाभरणी झाल्यापासून घरांना भाव येतोय, आपणच विरोधाचं पत्र देऊन आपलंच नुकसान का करायचं? तिसरे म्हणाले, सोसायटी इमारत सांभाळायला आहे, समुद्र सांभाळायला नाही; उपविधीतल्या उद्देशांत हे बसत नाही. मी उत्तर दिलं, पण माझ्याच कानाला ते कवितेसारखं वाटलं. त्या तरुणाला काय सांगायचं ते मला सुचलं नाही, अजूनही नेमकं सुचलेलं नाही.

मतं पडली. ठरावाच्या बाजूने नऊ, विरोधात तेरा, अध्यक्ष तटस्थ.

रात्री पेटी उघडली आणि इतिवृत्त लिहिलं. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, विरोधात कोण काय बोललं, किती मतं. त्या तरुणाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत घातलं. शेवटी 'ठराव नामंजूर' असं लिहून खाली सही केली. दुसऱ्या दिवशी साध्या कागदावर, माझ्या एकट्याच्या नावाने, चार प्रश्न लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवले.

जिन्यात अध्यक्ष भेटले. "पत्र पाठवलंत म्हणे?"

"हो. पण लेटरहेड नाही वापरलं."

"ते ठाऊक आहे," ते म्हणाले. "पोच घेतली का?"